हप्त्यांवरचा गेमिंग पीसी: आधी यादी दुरुस्त करा

प्रश्न: नोकरीला दीड वर्ष झालं. घरचा संगणक जुना आहे. त्यातलं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड अजून चालतं, मॉनिटर फुल एचडी आणि ६० हर्ट्झचा आहे. नव्या गेमिंग पीसीच्या सुट्या भागांची यादी केली आहे. त्यासाठी लागणाऱ्या रकमेपैकी ६० टक्के साठवलेत, उरलेले ४० टक्के १२ ‘बिनव्याजी’ हप्त्यांत भरता येतील. याशिवाय दोन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे अडीअडचणीसाठी बाजूला आहेत. हप्ते घेऊ, की ते पैसे वापरून कर्ज टाळू, की थांबू? पुढे व्हिडिओ एडिटिंगची कामं घ्यायची आहेत, त्यामुळे मी याकडे गुंतवणूक म्हणूनच बघतो.

उत्तर: हप्ते घेऊ नका, अडीअडचणीच्या पैशांना हात लावू नका, आणि थांबायचीही गरज नाही. तुमच्याकडे आज जेवढे पैसे आहेत तेवढ्यात संगणक उभा राहतो. त्याआधी यादी मात्र बदलावी लागेल.

यादीची बेरीज १०० धरली तर तुमचा खर्च असा पडतो: राइझन ७ ९८०० एक्सथ्रीडी प्रोसेसर २६, एक्स८७०ई मदरबोर्ड १७, आरटीएक्स ५०६० टीआयचं ८ जीबीचं कार्ड २२, रॅमची १६ जीबीची एकच पट्टी ९, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर ८, काचेचा लाइटवाला कॅबिनेट ९, १ टीबी एसएसडी ५ आणि अनोळखी कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय ४. प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर यांतच ५१ गेले. गेममधलं चित्र ज्या कार्डावर तयार होतं, त्याच्या वाट्याला २२.

आता हे तुमच्या मॉनिटरसमोर ठेवून बघा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. ९८०० एक्सथ्रीडी हा आजच्या सर्वांत वेगवान गेमिंग प्रोसेसरांपैकी एक आहे, पण त्याने सेकंदाला २०० फ्रेम (चित्रं) दिल्या तरी तुमचा पडदा ६०च दाखवणार. माउसचा प्रतिसाद थोडा हलका वाटेल, एवढाच फरक. या प्रोसेसरची खरी किंमत वसूल होते ती १४४ किंवा २४० हर्ट्झचा पडदा आणि त्याला शोभेल असं कार्ड सोबत असेल तेव्हा. तुमच्या यादीत दोन्ही नाहीत.

प्रोसेसर राइझन ५ ७६०० घ्या. सहा कोअर, ६५ वॅटचा, आणि खोक्यात कूलर येतो. तो कूलर भार पडल्यावर आवाज करतो, पण प्रोसेसर सांभाळतो. आवाजाचा त्रास झाला तर साधा टॉवर कूलर नंतर लावता येतो. लिक्विड कूलर यादीतून काढाच. त्यात पंप असतो, तो बंद पडला की अख्खं युनिट बदलावं लागतं आणि पुनर्विक्रीला त्याची किंमत जवळपास शून्य. ९८०० एक्सथ्रीडी घेतला असता तरी चांगला एअर कूलर पुरला असता.

बोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप). एक्स८७०ईमध्ये जास्तीचे पैसे जातात ते जास्त पीसीआयई लेन (कार्ड वगैरे भागांशी माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा), जास्त एम.२ जागा (एसएसडी बसवायच्या खाचा) आणि यूएसबी४ ही वेगवान यूएसबी यांसाठी. एक कार्ड आणि एक एसएसडी लावणाऱ्याला ते लागत नाही. बोर्डाचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एएम५ असणं मात्र महत्त्वाचं आहे, आणि इथे आर्थिक मुद्दा येतो. राइझन बनवणाऱ्या एएमडीने या सॉकेटला २०२७पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं जाहीर केलं आहे. आधीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण समोर आहे: २०१८च्या अनेक बी४५० बोर्डांमध्ये फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा राइझन ७ ५८०० एक्सथ्रीडी बसला. महागडा प्रोसेसर आज घेतलाच पाहिजे असं काही नाही. दोन-तीन वर्षांनी तो उतरत्या किमतीला याच बोर्डात बसवता येईल आणि ७६०० विकून थोडे पैसे परत मिळतील.

कार्डाच्या बाबतीत मी उलट सांगेन: पैसे वाढवा. ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत येतं. चिप तीच, फरक फक्त मेमरीचा. गेमचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरची चित्रं) ८ जीबीत मावले नाहीत की उरलेला माल पीसीआयईमार्गे रॅममधून आणावा लागतो. तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कित्येक पट अरुंद आहे, शिवाय हे कार्ड १६ऐवजी ८च लेन वापरतं. मग सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर गेम अडखळतो किंवा भिंतींवरचं चित्र धूसर राहतं. ८ जीबीचं कार्ड आधी जुनं होतं आणि विकतानाही मार खातं. १६ जीबीचं ५०६० टीआय किंवा १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्हींपैकी त्या दिवशी स्वस्त असेल ते. एडिटिंग खरंच करणार असाल तर एनव्हिडियाकडे, म्हणजे ५०६० टीआयकडे, झुकतं माप द्या, कारण एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा या तंत्रावर चांगली चालतात.

रॅम एक पट्टी कधीही नाही. एका पट्टीने मेमरीचा एकच चॅनेल चालतो आणि प्रोसेसरला अर्ध्या रुंदीच्या रस्त्यावरून माहिती मिळते. ‘आत्ता एक घेतो, नंतर दुसरी लावतो’ हा विचार पैशांच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांमधल्या चिप वेगळ्या निघतात आणि मग दोन्ही मिळून लिहिलेल्या वेगाने चालतीलच याची खात्री नसते. १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच घ्या, डीडीआर५-६००० (६००० हा वेग), जमल्यास सीएल३० (हा आकडा जितका कमी तितका विलंब कमी). ८ जीबीच्या दोन पट्ट्या स्वस्त दिसतात, पण डीडीआर५मध्ये त्यांच्यावर चिप कमी असतात आणि त्या हळूही पडतात. रॅम सध्या महाग आहे, हे खरं. २०२५च्या अखेरीपासून मेमरी कंपन्यांनी एआयच्या डेटा सेंटरकडे उत्पादन वळवल्यामुळे ग्राहकांच्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. म्हणूनच माझ्या यादीत तिला ९ऐवजी १७ आहेत.

पॉवर सप्लायबद्दल एक गैरसमज दूर करतो. वॅट कमी म्हणून मी तुमचा ५५०चा नाकारत नाही. ७६०० भाराखाली जास्तीत जास्त ८८ वॅटच्या आसपास घेतो, ५०६० टीआय १८० वॅट, बाकी सगळं मिळून ३५०च्या पुढे क्वचितच जाईल. नाकारतो तो त्याच्या वॉरंटीमुळे. ज्या युनिटवर निर्माता एक-दोन वर्षांचीच हमी देतो, त्यावर मी अख्खा संगणक टांगणार नाही. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी असलेला ६५० किंवा ७५० वॅटचा घ्या. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. चांगला पॉवर सप्लाय या संगणकानंतरच्या संगणकातही चालतो. वर्षांनी भागलं तर यादीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू.

नवी यादी: प्रोसेसर ११, बोर्ड ८, रॅम १७, टीएलसी (मेमरी पेशींचा प्रकार) १ टीबी एनव्हीएमई (वेगवान जोडणीची) एसएसडी ६, पॉवर सप्लाय ७, पुढून जाळी असलेला साधा कॅबिनेट ४. बेरीज ५३. कार्डाचे २५ वेगळे. तुमच्याकडे रोख ६० आहेत.

तर कार्ड सोडून बाकी सगळं आज रोखीने घ्या आणि जुनं १०६० त्यात लावा. ते तात्पुरतंच आहे: ऑक्टोबर २०२५नंतर एनव्हिडिया त्या पिढीला फक्त सुरक्षेचे अपडेट देते, आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचा मार्ग मोजून चित्र काढणं) सक्तीचं असलेले नवे गेम त्यावर सुरूही होणार नाहीत. पण पाच-सहा महिने आधीच्या गेमना पुरेल. हाती ७ उरतात. ४०चा हप्ता महिन्याला ३.३ पडणार होता. तोच दर महिन्याला पगाराच्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. सहाव्या महिन्यात २७ होतात, त्यातून कार्ड येतं. दहाव्या महिन्यात पुन्हा १५ जमतात, त्यात १४४० पिक्सेलचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर बसेल असा अंदाज धरा. बारा महिन्यांच्या शेवटी ७ उरलेले असतात. वर्षभरात पैसे तेवढेच बाजूला काढले, मॉनिटर जास्तीचा मिळाला.

तोवर कार्ड महागलं तर? १५ टक्क्यांनी महागून २९ झालं असं धरा. सहाव्याऐवजी सातव्या महिन्यात येईल. ही जोखीम घेण्यासारखी आहे.

आता ‘बिनव्याजी’ शब्दाकडे. दुकानदाराला विचारा: हाच माल आज पूर्ण पैसे देऊन घेतला तर किती सूट? समजा ५ टक्के सूट आणि हप्त्यांसाठी १ टक्का प्रक्रिया शुल्क आहे. ४०च्या मालाची रोख किंमत ३८ झाली. तुम्ही सुरुवातीला ०.४ आणि मग वर्षभरात ४० देता. घटत्या शिल्लकीवर हा दर वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास निघतो. कोणी ‘सरळ १० टक्के’, म्हणजे पूर्ण मूळ रकमेवर वर्षभराचं व्याज, म्हणाला तर तो आणखी सावधपणे ऐका: १२ हप्त्यांसाठी तो घटत्या शिल्लकीवर १८ टक्के होतो.

व्याजापेक्षाही मला काळजी आहे ती तुमच्या दोन महिन्यांच्या निधीची. हप्ता सुरू झाला की महिन्याचा खर्च वाढतो आणि तोच निधी कमी दिवस पुरतो. चौथ्या महिन्यानंतर नोकरी गेली असं क्षणभर धरा. हप्त्यांच्या मार्गावर २७ देणं बाकी आहे. दुसऱ्या मार्गावर खात्यात २० आहेत, देणं काहीच नाही, आणि संगणक दोन्हीकडे चालू आहे. हा ४७चा फरक तुमच्या वयात, एवढ्या तुटपुंज्या निधीवर, मी सोडून देणार नाही. निधी निदान सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्यायचा आहे, उरलेले ७ तिकडेच जाऊ द्या.

खरेदी करताना हे ५३चे भाग एकाच आठवड्यात घ्या. दर महिन्याला एकेक भाग गोळा करण्याचा मोह होतो, पण तीन महिन्यांपूर्वी घेतलेला बोर्ड आज पहिल्यांदा चालू केला आणि तो खराब निघाला, तर बदलून मिळण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. प्रत्येक बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत ठेवा.

जोडताना ज्या चुकांनी पैसे किंवा रात्र वाया जाते त्या या. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ बोर्ड मेमरी जुळवत काही मिनिटं काळ्या पडद्यावर बसून राहतो. अनेक जण ‘मेला’ समजून मध्येच वीज बंद करतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. नंतर बायोसमध्ये एक्स्पो ही रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८०० किंवा ५६००वर चालत राहील आणि तुम्ही दिलेले पैसे वापरलेच जाणार नाहीत. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला. नवा मॉनिटर आला की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडा, नाहीतर तो बहुतेक वेळा ६०वरच राहतो. आणि जुन्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबल नव्याला कधीही लावू नका. भागाकडचं टोक सारखं दिसतं, पण पॉवर सप्लायकडच्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. एका चुकीच्या केबलने एसएसडी किंवा बोर्ड जळतो, आणि असं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत.

एक खर्च तुमच्या यादीत दिसला नाही: विंडोज. जुन्या संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो, सुटा विकत घेतलेला रिटेल परवाना असेल तर नव्यावर नेता येतो. तुमचा कोणता आहे ते आधी तपासा. नवा घ्यावा लागला तर कार्ड एखादा महिना पुढे ढकला.

एडिटिंगचं म्हणाल, तर पहिलं काम मिळेपर्यंत हा खर्चच धरा. सहा कोअर आणि ३२ जीबी सुरुवातीच्या कामांना पुरतात. पैसे देणारं काम आलं की फुटेजसाठी दुसरी एसएसडी लागेल. बोर्ड निवडतानाच दोन एम.२ जागा आहेत ना बघून घ्या, आणि ती एसएसडी त्या कामाच्या पैशांतून आणा.