इंग्लंडात इन-हाऊस लीगलला यायचंय? मग आधी विमा शिका

पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सात वर्षं लीगल सांभाळल्यावर इंग्लंडात इन-हाऊस काउन्सेल (कंपनीच्याच नोकरीतला वकील) म्हणून यायचं, तर आधी सॉलिसिटर (इथला परवानाधारक वकील) व्हावं लागेल का आणि इथलं काम कसं असतं, असं तुम्ही विचारलंय.

कायद्याने सक्ती नाही. कोर्टात दावा चालवणं, घर-जमिनीच्या हस्तांतरणाचे दस्त अशी मोजकीच कामं राखीव आहेत. करार आणि सल्ला त्यांत येत नाहीत. पण नोकरी देणारे बहुतेक ‘सॉलिसिटर आहात का’ असं विचारतातच, म्हणून एसक्यूईचा, म्हणजे सॉलिसिटर होण्याच्या परीक्षेचा, अभ्यास तिकडे असतानाच सुरू करा. पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचा एक असे दोन पेपर, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ कामं. एक गोष्ट मात्र आधी मिटवा. पगारी नोकरी धरताना तुम्ही सनद स्थगित केली असणार. अशा स्थितीत तुम्हाला परदेशी वकील म्हणून या परीक्षेत सवलत मिळते का, हे सॉलिसिटरांच्या नियामकाला, सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीला, लेखी विचारा आणि मगच फी भरा.

इथे कंपनीत नोकरी करणारा सॉलिसिटर सॉलिसिटरच राहतो. नियामकाचे नियम त्याला लागू असतात, त्यामुळे ‘एमडींनी सांगितलं म्हणून केलं’ हे उत्तर चालत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता विमा. करारात तुम्ही तयार असाल, पण इथे माझा बराच वेळ विम्यात जातो आणि तो आपल्याला कॉलेजात कुणी धड शिकवलेला नसतो. २०१५च्या इन्शुरन्स अ‍ॅक्टप्रमाणे पॉलिसी घेताना कंपनीला धोक्याचं प्रामाणिक आणि नीट मांडलेलं चित्र विमा कंपनीपुढे ठेवावं लागतं. वरिष्ठांना जे ठाऊक आहे, आणि वाजवी शोध घेतला असता जे सापडलं असतं, ते सगळं कंपनीला ठाऊक होतं असं धरतात. म्हणून ब्रोकरचा फॉर्म अकाउंट्सकडे सरकवून भागत नाही. रिन्यूअलच्या बऱ्याच आधी प्रत्येक खातेप्रमुखाला लेखी प्रश्न जातात आणि उत्तरं फायलीला लागतात. नकळत काही राहिलं आणि ते कळलं असतं तर विमा कंपनीने ६०,००० ऐवजी ८०,००० पौंड प्रीमियम घेतला असता, असं ठरलं, तर क्लेमचे ७५ टक्केच हाती येऊ शकतात. जाणूनबुजून लपवलं असेल तर पॉलिसीच रद्द होऊ शकते आणि भरलेला प्रीमियमही परत मिळत नाही.

डी अँड ओ पॉलिसी, म्हणजे संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांवर येणाऱ्या दाव्यांचा विमा, तर आणखी बारकाईने वाचावी लागते. चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला, हे तिथे पाहतात. समजा, फेब्रुवारीत एका गुंतवणूकदाराने सीएफओंना मेल केला: ‘तुमचे आकडे फसवे होते, मी बघून घेईन.’ पॉलिसी ३१ मार्चला संपते. सीएफओ मेल बाजूला ठेवतात, दावा जूनमध्ये येतो. जुनी पॉलिसी संपलेली, आणि आधीच माहीत असलेली गोष्ट नवी पॉलिसी सहसा झाकत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. तोच मेल मार्चमध्ये संभाव्य दाव्याची सूचना म्हणून नीट कळवला असता, तर जुन्या पॉलिसीनेच तो दावा पाहिला असता. असे मेल तुमच्यापर्यंत पोचावेत म्हणून विक्री, एचआर आणि फायनान्सच्या लोकांशी ओळख ठेवावी लागते. मला तर नोकरीचा गाभा हाच वाटतो.

कम्प्लायन्समध्ये, म्हणजे कंपनी कायदे पाळते ना हे बघण्यात, तुमचा अनुभव थेट उपयोगी पडेल. १ सप्टेंबर २०२५पासून इथे नवा गुन्हा लागू झालाय: मोठ्या कंपनीचा कर्मचारी, एजंट किंवा उपकंपनी तिच्या फायद्यासाठी फसवणूक करते आणि कंपनीने ती रोखायची वाजवी व्यवस्था ठेवलेली नसते, तर कंपनीच दोषी. प्रकरणाचा ब्रिटनशी संबंध असला, तर चाकणमधला एजंटही यात येऊ शकतो. त्याची बिलं कोण मंजूर करतं आणि खोटं बिल कुठे लपतं, हे तुम्हाला लंडनमध्ये बसलेल्या वकिलापेक्षा चांगलं कळतं. मुलाखतीत हे ठासून सांगा.

तोवर तुमच्या कंपनीची डी अँड ओ पॉलिसी मागवून घ्या. विमा कुणाकुणाचा आहे, काय वगळलंय, सूचना किती दिवसांत आणि कुणाकडे द्यायची, हे तीन भाग पेन्सिल घेऊन वाचा. अडलं तर पुन्हा विचारा, मी लिहीन.