अचानक कडाक्याची थंडी पडली आणि माझे कीटक हलेनासे झाले. ते मेले असतील का? आता काय करू?

थांबा, काहीही टाकून देऊ नका. हीटरजवळ ठेवलेले डबे आधी तिथून उचला आणि मग पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: एका रात्रीत पारा १४ अंशांवरून उणे ६ वर उतरला, बाहेरच्या खोलीतले काडीकिडे जाळीच्या तळाशी पडलेत, भुंगेऱ्यांच्या हुमण्या टबात ताठ झाल्यात, पतंगांचे कोष तुम्ही घाईघाईने हीटरशेजारी आणलेत आणि टाचलेल्या नमुन्यांच्या पेट्यांची काच आतून धुरकट दिसतेय. थंडी अजून चार दिवस हटणार नाही. यातलं बहुतेक सगळं मी भोगलंय, आणि त्यातलं निम्मं माझ्याच हाताने ओढवून घेतलेलं होतं. त्यामुळे आधीच सांगतो, अशा लाटेत थंडीने मरतात त्यापेक्षा जास्त कीटक ओलीने आणि आपल्या घाईने मरतात.

'मेला' या शब्दावर माझा विश्वास कधी उडाला ते सांगतो. अशाच एका लाटेत पडलेल्या झाडाची सुटी साल उचकटली, तर खाली एक जमिनीवरचा भुंगेरा सापडला. काळा, पाठीवर तांब्याची झाक, पाय पोटाशी घेतलेले. टोचलं, फुंकर मारली, काही नाही. मेलाय असं ठरवून, केवळ शिरस्ता म्हणून, अर्धा तास इथाइल अ‍ॅसिटेटच्या, म्हणजे वाफेने कीटक मारायच्या बाटलीत ठेवला. घरी आणून रीतीप्रमाणे उजव्या पंखकवचातून टाचणी घातली, मिशा नीट मांडल्या. रात्री टेबलाचा दिवा लावून लेबल लिहीत बसलो होतो. थर्माकोलवर नख ओढल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. बघतो तर भुंगेरा टाचणीवर चालत होता. सहाही पाय संथपणे, एकामागून एक, जागच्या जागी. त्या रात्री लेबल अर्धवटच राहिलं.

नंतर कारण समजलं. गारठलेला कीटक श्वास जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वाफ त्याच्या अंगात शिरत नाही. शिवाय थंडीत इथाइल अ‍ॅसिटेटची वाफही धिमी होते. हिवाळ्यासाठी तयार झालेल्या कीटकाला नुसत्या फ्रीजरचीही फारशी पर्वा नसते. तेव्हापासून थंडीत नमुना घ्यायचाच असेल तर मी आधी त्याला उबेत आणून पूर्ण जागा होऊ देतो, आणि मगच बाटलीत घालतो. तेही अर्धा तास नाही, काही तास.

तुमच्या काडीकिड्यांचं बहुधा हेच झालंय. याला शीतमूर्च्छा म्हणता येईल. स्नायू आकसायचे तर सोडियम आणि पोटॅशियम आपापल्या बाजूला हवेत, आणि ते तिथे ठेवणारे पेशींमधले पंप थंडीत मंदावतात. पोटॅशियम रक्तात साठतं, स्नायू आज्ञा ऐकेनासे होतात आणि किडा पडतो. ऊब मिळाली की पंप साचलेलं उपसतात आणि तो उठतो, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. मात्र मूर्च्छा लांबली तर आतली मोडतोडही वाढत जाते. उष्ण प्रदेशातल्या जाती शून्याच्या वरच, बर्फाचा कण न बनतासुद्धा, काही दिवसांत मरू शकतात. म्हणून काडीकिड्यांना आजच आत आणा, हुमण्यांना जरा अवकाश आहे.

आणायचं कसं, तर पायरीपायरीने. थेट गरम खोलीत नको. आधी ८-१० अंशांची जागा बघा: जिन्याखाली, बंद खोलीचा कोपरा, कुठेही. तिथे काही तास, मग खोलीत. काडीकिडे हाताने उचलू नका, गारठलेला पाय पटकन सुटतो. खाली कागद सरकवून कागदासकट उचला. पाणी फवारू नका. जाळीतला ओला पाला काढून टाका, कारण गारठलेला किडा खात नाही आणि तो पाला नुसता सडतो. दोन दिवस वाट पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. हुमण्यांचं बघणं सोपं आहे: जिवंत असेल तर अंग टरटरीत आणि पांढरट राहतं. आरपार गोठून मेलेली असेल तर वितळल्यावर ढिली पडते, एक-दोन दिवसांत काळपट होते आणि वासावरूनच कळतं.

आता ओलीबद्दल, कारण याकडे कुणी बघतच नाही. पाणी शून्याला गोठतं, पण कीटकाच्या अंगातलं पाणी शून्याखाली कितीतरी अंश पातळच राहू शकतं. बर्फ धरायला काहीतरी निमित्त लागतं: धुळीचा कण, पोटातलं अन्न, नाहीतर बाहेरून अंगाला टेकलेला बर्फाचा स्फटिक. म्हणून बरेच कीटक हिवाळ्याआधी पोट रिकामं करतात, अंगात ग्लिसरॉल साठवतात आणि कोरडी जागा शोधतात. उत्तर अमेरिकेत गोल्डनरॉड नावाच्या एकाच रानफुलाच्या खोडावर दोन प्रकारच्या गाठी दिसतात. गोल गाठीत युरोस्टा या माशीची अळी असते. ती सरळ गोठते, अंगात बर्फ बनू देते आणि वसंतात वितळून कामाला लागते. लांबट गाठीत एपिब्लेमा या पतंगाची अळी. ती बर्फ बनूच देत नाही, उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत तिचं अंग पातळ राहतं. त्याच खोडावर, त्याच रात्री, दोन उलटे मार्ग! आपण पाळतो त्यांतले हिवाळा काढू शकणारे बरेचसे दुसऱ्या मार्गाचे, म्हणजे बर्फ शिवला की संपले.

जानेवारी २००२ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढणाऱ्या मोनार्क फुलपाखरांवर वादळ आलं. आधी पाऊस, मग गोठवणारी रात्र. कोट्यवधी फुलपाखरं झाडांखाली खच पडून मेली. कोरडं मोनार्क शून्याखाली बराच वेळ तग धरतं, भिजलेलं मात्र त्याच थंडीत लवकर गोठतं. तुमच्या कोषांखाली ओलं शेवाळ असेल तर ते आजच बदला. कोष कोरड्या पाल्यात किंवा फाटक्या कागदात ठेवा, हवा खेळू द्या, ओल द्यायची ती थंडी सरल्यावर.

आणि कोष हीटरजवळून परत थंड जागी न्या. उबेने भलं होईल असं वाटतं, माझंही तेच वाटणं होतं. ऑक्टोबरपासून बाहेर ठेवलेले रेशमी पतंगांचे काही कोष मी जानेवारीतल्या लाटेत घाबरून घरात आणले. तीन आठवड्यांनी एका सकाळी पडद्यावर हातभर वाटावी अशी मादी पंख वाळवत बसलेली. बाहेर एकही पान नाही आणि नर तर दूरच. रोज रात्री ती पोटाचं टोक बाहेर काढून गंध सोडत बसायची. या कुळातल्या प्रौढांना खाता येईल असं तोंडच नसतं. आठव्या दिवशी ती खाली पडली. पडद्याच्या शिवणीवर फलन न झालेल्या अंड्यांची ओळ राहिली, ती मी बरेच दिवस काढली नाही.

थंड प्रदेशातल्या अशा कोषांना थंडी हवीच असते. १९४० च्या दशकात कॅरोल विल्यम्स या कीटकशास्त्रज्ञाने सेक्रोपिया या रेशमी पतंगावर प्रयोग करून दाखवलं की काही आठवडे थंडी मिळाल्याशिवाय कोषातल्या जिवाचा मेंदू जागं व्हायचा निरोपच देत नाही. थंडी मिळालेला मेंदू काढून झोपलेल्या दुसऱ्या कोषात बसवला, तर तो कोषही जागा झाला. थोडक्यात, लाट तुमच्या कोषांना फारसं काही करत नाही, मधेच मिळालेली ऊब करते. ३ ते ५ अंश ही त्यांची सुखाची जागा, म्हणजे घरातला साधा फ्रिज. उणे ६ मध्ये ठेवायचेच असतील तर वाऱ्यापासून आडोसा आणि कोरडेपणा एवढं बघा. फक्त जात उष्ण प्रदेशातली असेल तर हा परिच्छेद विसरा आणि कोष काडीकिड्यांबरोबर आत घ्या.

हुमण्यांना मात्र एका गोष्टीत जपा. टबाच्या खाली गरम चटई ठेवण्याचा मोह होतो. हुमणी त्रास झाला की खाली खणत जाते, कारण निसर्गात खाली सुरक्षित असतं. खालून तापवलं तर ती पळून नेमकी तव्यावर पोचते. चटई बाजूला उभी लावा, थर्मोस्टॅट जोडा, टबाची एक बाजू थंडच राहू द्या. चटई नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात टब ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून उभी करा. काही तासांनी पाणी बदलावं लागतं, रात्री एकदा उठावं लागेल. थर्मामीटर भिंतीवर नको, खोक्याच्या आत हवा, आणि किमान-कमाल दाखवणारा असला तर उत्तम. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर लावून किडे वाचवायला जाऊ नका, कार्बन मोनॉक्साइडने तुम्हीच आडवे व्हाल. हेअर ड्रायर तर मनातही आणू नका.

पुन्हा अशी लाट येणार असं कळलं तर एक गोष्ट उपयोगी पडते. १९८७ मध्ये संशोधकांनी एका मांसमाशीवर पाहिलं की खोलीच्या तापमानातून थेट उणे १० ला नेलेल्या माश्या मरतात, पण आधी थोडा वेळ शून्याला ठेवलेल्या तगतात. शरीर इतक्या कमी वेळातही तयारी करतं. म्हणून आदल्या दिवशीपासून खोलीची ऊब हळूहळू कमी करत न्यायची, बाहेर ठेवणार असाल त्या जातींसाठी. उष्ण प्रदेशातल्यांना हा प्रयोग लागू करू नका.

पेट्यांकडे येतो. काच धुरकट झाली म्हणजे खोलीतली दमट हवा गार पेटीत शिरून तिथे पाणी झाली. आता लगेच झाकण उघडलंत तर आणखी दमट हवा आत जाईल आणि पाणी नमुन्यांवर बसेल, मग महिन्याभरात मिशांवर बुरशी. पेटी बंदच ठेवा, हीटरपासून लांब, एक पूर्ण दिवस. ती खोलीइतकी उबदार झाली की कोरड्या हवेत झाकण किलकिलं करून ओल जाऊ द्या. ज्या पेट्या अजून बाहेर आहेत त्या तिथेच, थंडीतच, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि मग आत आणा. पाणी बसायचं ते पिशवीवर बसेल. हीटर दिवसरात्र चालला की हवा इतकी सुकते की जुन्या नमुन्यांचे पाय नुसत्या धक्क्याने गळतात, तेव्हा या आठवड्यात पेट्यांची आवराआवर काढू नका. पांढरा गोंद एकदा गोठला की बहुधा वाया जातो, त्याची बाटलीही आत घ्या.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की पेट्या थंडीत बाहेरच ठेव, संग्रह पोखरणाऱ्या अळ्या आपोआप मरतील. नाही मरत, निदान भरवसा नाही. हळूहळू उतरणाऱ्या थंडीला त्या सरावतात. त्यांना मारायचं तर खोलीच्या तापमानातून झटक्यात उणे २० ला न्यावं लागतं, पिशवीत बांधून, फ्रीजरमध्ये आठवडा-दोन आठवडे. बाहेर काढल्यावरही पिशवी एक दिवस उघडायची नाही.

चार दिवस नुसते घरात बसू नका, एवढंच सुचवेन. दुपारी फेरी मारा. बर्फ पडला असेल तर त्याच्याखालची जमीन हवेपेक्षा उबदार असते, पाचोळा उचलून बघा. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन झाडांची खोडं बघा: काही पतंग हिवाळ्यातच उडतात, आणि त्यांतल्या विंटर मॉथची मादी, जिला उडण्याजोगे पंखच नसतात, खोडावरून चालत वर चढते. तिचा हंगाम मात्र हिवाळ्याच्या सुरुवातीचा, उशीर झाला असेल तर भेटणार नाही. बर्न्ड हाइनरिश या जीवशास्त्रज्ञाने अभ्यासलेले काही हिवाळी पतंग शून्याच्या आसपासच्या हवेत थरथरून छातीचे स्नायू ३० अंशांपर्यंत तापवतात आणि मग उडतात. उडण्याआधीची ती थरथर नुसत्या डोळ्यांनी दिसते, पंख धूसर होतात. टॉर्चची बॅटरी खिशात, अंगाशी ठेवा, थंडीत ती लवकर बसते. साल उचकटली तर जशी होती तशी परत दाबून बसवा. आतला जीव पुन्हा जागा शोधायला उठू शकत नाही.

दोन दिवसांनी इथेच लिहा. हुमण्यांचा रंग कसा आहे ते आधी सांगा, आणि काडीकिड्यांपैकी कुणी नुकती कात टाकलेली होती का तेही. तशी असेल तर तिच्याबाबत मी फार आशा देत नाही.