चारच्या आत अंधार पडतो तिथलं सूप

प्रश्न : ठाण्याच्या नौपाड्यातून लंडनला आलो. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच अंधार पडतो आणि सहाला सगळ्यांना कडकडून भूक लागते. सूप करते, पण तासाभरात मुलं पुन्हा खायला मागतात. डाळ घातली तर ती कणी राहते. आईंनी दिलेला कुकर इथल्या इंडक्शनवर तापतच नाही.

उत्तर : ठाण्यात आपण सूप पितो ते जेवणाआधी, तेही बहुतेक हॉटेलात. कॉर्नफ्लोअरने ते दाट दिसतं, पण पोट भरत नाही. तुमच्याकडे सूप हेच जेवण आहे, तेव्हा त्यात डाळ, कंद आणि थोडं तूप हवंच.

चौघांसाठी २०० ग्रॅम मसूर डाळ, दोन गाजरं, एक मोठा बटाटा, एक लीक (कांद्याच्या जातीची जाड पातीची भाजी, नसेल तर दोन कांदे), सहा पाकळ्या लसूण आणि सव्वा लिटर पाणी. लीक उभा चिरून धुवा, पानांच्या थरांत माती अडकलेली असते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेलात जिरं फुलवा, मग लीक आणि लसूण मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. इथे घाई केलीत तर सूपला कच्चट वास राहतो. धुतलेली डाळ, भाज्या, हळद आणि पाणी घालून पंचवीस मिनिटं शिजवा. वर येणारा फेस काढा आणि अधूनमधून तळापासून ढवळा, कारण डाळ खाली बसून करपते.

टोमॅटो सुरुवातीलाच घालत असाल, तर डाळ कणी राहण्याचं कारण तेच असावं. आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. टोमॅटो, आमसूल, लिंबू, सगळं डाळ पूर्ण शिजल्यावरच. दुसरं कारण पाणी. लंडनचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे आणि त्यात डाळ लवकर मऊ होत नाही, किटलीच्या आत साचणारा पांढरा थर त्याचाच. त्यावर डाळ शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. डाळ फार जुनी असेल तर मात्र सोडाही काही करू शकत नाही. मीठ शेवटी, विशेषतः स्टॉकची (सूपला चव आणणारी तयार) वडी घालणार असाल तर, कारण तीच खारट असते.

मिक्सरमध्ये गरम सूप अर्ध्याहून जास्त भरू नका. वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. सगळं गुळगुळीत करण्यापेक्षा अर्धंच वाटावं, दाताखाली काहीतरी आलं पाहिजे. वरून तूप-लसणाची फोडणी आणि सोबत भाकरी किंवा जाड पाव.

कुकरच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर तो बहुधा साधा ॲल्युमिनियमचा आहे आणि इंडक्शनवर तापणार नाही. मसुरीला तो लागतही नाही.

राजम्याचं सूप करायचं असेल तर मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोरडा राजमा थेट स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) कधीच टाकू नका. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर नष्ट होत नाही, आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच स्लो कुकर. दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याला यातलं काही लागत नाही.

आई-बाबा येणार असतील तर जांभळी नाक्यावरून कुळथाचं पीठ मागवा. चार मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, गरम पाण्यात थेट टाकलं की गुठळ्या होतात. लसूण-मिरचीच्या फोडणीत एक लिटर पाणी उकळलं की ते धार धरून ओता, ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत पिठी तयार. आमसुलं शेवटी दोन.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट होतं, गरम पाणी घालून उकळा. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर बटाटा वगळा, नंतर तो पिठूळ लागतो.