पान ७ वर शाबासकी, पान १९ वर धोका

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि रिपोर्टचे फोटो पाहिले. लेक अकरावीत, लातूरला खोली करून राहते, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलंय, गणित सोडलंय. क्लासमध्ये कुणीतरी गळ घातली म्हणून साडेनऊ हजार भरून ‘डीएनए टॅलेंट टेस्ट’ करून घेतली. पान ७ वर व्हीईजीएफए जीनपुढे हिरव्या अक्षरांत ‘सीसी – दमसास उत्तम’, आणि पान १९ वर त्याच जीनपुढे लाल अक्षरांत ‘सीसी – डोळ्यांच्या पडद्याला धोका’. घरात तिच्या बाबांना मधुमेहामुळे डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत, तेव्हा लाल अक्षरं बघून तुमच्या पोटात गोळा आला असणारच. त्यात लेक म्हणते, मला डॉक्टर व्हायचं नाही, हे जीनचं शास्त्रच शिकायचंय.

आधी लाल अक्षरांचं बघू. व्हीईजीएफ हे एक प्रथिन आहे. शरीराच्या एखाद्या भागात प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी ते सोडतात आणि जवळच्या रक्तवाहिनीला त्या दिशेने फाटा फुटतो. १९८९ मध्ये अमेरिकेत नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं काढून त्याचा जीन ओळखला. रोज धावणाऱ्या पोराच्या पोटऱ्यांत असे फाटे फुटले तर चांगलंच. मधुमेहात मात्र डोळ्याच्या पडद्याच्या बारीक वाहिन्या खराब होतात, पडदा प्राणवायूसाठी तडफडतो, हे प्रथिन सुटत राहतं. मग ज्या नव्या वाहिन्या येतात त्या कच्च्या, पाझरतात, फुटतात. तुमच्या यजमानांना मिळणारी ही इंजेक्शनं बहुतेक वेळा ह्याच प्रथिनाला अडवणारी असतात. कॅन्सरची गाठसुद्धा ह्याच वाटेने रक्त ओढते, म्हणून ह्याच प्रथिनाला रोखणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं.

आता ते ‘सीसी’. जीन डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. ह्या जीनमध्ये एक जागा अशी आहे की तिथे कुणाकडे जी अक्षर असतं, कुणाकडे सी. एक आईकडून येतं, एक वडिलांकडून. लेकीला दोन्हीकडून सी आलं. त्याने प्रथिनाची घडण बदलत नाही, फार तर ते किती बनतं ह्यावर थोडा परिणाम होतो. २००२ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात मधुमेहींमधल्या सीसी असणाऱ्यांत पडद्याचा आजार जास्त आढळला. २००८ मध्ये रशियात दमसासाच्या खेळांतल्या खेळाडूंमध्ये सी जास्त सापडलं. पुढे डोळ्यांबाबतचे निकाल इतर देशांत कुठे जुळले, कुठे जुळले नाहीत. तेव्हा दोन्ही पानांमागे खरे अभ्यास आहेत, फक्त पान १९ वाल्यांनी ‘मधुमेह असलेल्यांमध्ये’ हे दोन शब्द गाळले. तुमच्या लेकीला मधुमेह नाही. उद्या झालाच, तर साखर किती वर्षं आणि किती वाढलेली राहते, ह्याचं वजन त्या एका अक्षरापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्या अक्षरावरून कुणी तुम्हाला तिचं करिअर सांगत असेल तर सरळ दार दाखवा. पत्रिका बघणारा निदान चहा पिऊन गप्पा तरी मारतो.

सगळेच जीन असे मवाळ नसतात, हेही तिला कळू दे. एन्डोग्लिन नावाच्या जीनमध्ये बिघाड असला तर रक्तवाहिन्यांची जोडणीच चुकते. लहानपणापासून घोळणा फुटतो, ओठांवर लाल ठिपके येतात, फुफ्फुसात किंवा मेंदूत वाहिन्यांच्या गुंतागुंती होऊ शकतात, आणि प्रत्येक अपत्यात तो बिघाड उतरण्याची शक्यता निम्मी. तिथे एका जीनची तपासणी अख्ख्या कुटुंबाला उपयोगी पडते. कुठल्या घरात तपासणी हवी आणि कुठल्या रिपोर्टवर नुसतं हसायचं, हे घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस म्हणजे जेनेटिक काउन्सेलर. भारतात हे शिकवणारे एमएस्सी अभ्यासक्रम मोजकेच आहेत, पण तुमच्या पत्रातली लेक मला त्या खुर्चीत दिसते.

आता माझं मत, तिला रुचणार नाही असं. गणित सोडायला नको होतं. जपानचा निकाल खरा की योगायोग, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, ते संख्याशास्त्राने ठरतं. आयसर, म्हणजे केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, त्यांच्या प्रवेश परीक्षेला पीसीबीवाले बसू शकतात, पण पेपरात गणिताचे प्रश्न असतातच. वर्ष नुकतंच सुरू झालंय, तर कॉलेजात विषय बदलून मिळतो का ते ह्याच आठवड्यात विचारा. नाहीच मिळाला तर बीएस्सीला संख्याशास्त्राची जोड असलेलं कॉलेज शोधा. पुढे एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी ही परीक्षा आहे. ह्याच प्रथिनाला अडवणारी औषधं आता भारतातही बनतात, इंटास कंपनीने २०१५ मध्ये डोळ्यांसाठीचं रॅनिबिझुमॅब आणलं, बायोकॉन कंपनीनेही बेव्हॅसिझुमॅब आणलं. तिथे प्रयोगशाळेत हात बसलेली माणसं लागतात.

नीटची तयारी चालू आहे तर ती मोडू नका. एमबीबीएस, मग एमडी आणि लखनौच्या संजय गांधी संस्थेत मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम, असाही एक लांबचा रस्ता आहे. पण ‘डॉक्टर नाही व्हायचं’ हे ती तीन महिन्यांनीही म्हणत असेल, तर ऐका.

तोवर एक काम द्या तिला. डीबीएसएनपी हा डीएनएतल्या अशा छोट्या फरकांची नोंद ठेवणारा इंटरनेटवरचा डेटाबेस फुकट आहे. त्यात आरएस २०१०९६३ हा क्रमांक टाकला की हीच जागा उघडते. कुठल्या लोकसमूहात सी किती टक्के, तेही कळतं. तिथल्या ‘थाउजंड जीनोम्स’ ह्या जगभरातल्या लोकांचा डीएनए वाचणाऱ्या प्रकल्पाच्या नमुन्यांत दक्षिण आशियातले पाच गट आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. मराठी गट त्यात नाही. ‘जीनोम इंडिया’ ह्या सरकारी प्रकल्पाने देशभरातल्या सुमारे १० हजार जणांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, आता वाचलेत. त्यात आपली माणसं कुठे आहेत, ते तिला शोधू द्या, आणि सापडलं की मला कळवायला सांगा.