‘दानशौंड’ मधला शौंड कोण?

प्रश्न असा : ‘शौंड’ म्हणजे दारुडा, तर सढळ हाताच्या माणसाला ‘दानशौंड’ का म्हणायचं? ‘दानशूर’चा तो अपभ्रंश तर नाही?

अपभ्रंश नाही. दोन्ही अर्थ अमरकोशात आहेत आणि गंमत म्हणजे एकाच वर्गात. ‘मत्ते शौण्डोत्कटक्षीबाः’ इथला शौंड झिंगलेला आहे. त्याच्या आधी, भरपूर देणाऱ्याच्या नावांत, वदान्याच्या जोडीला दानशौंड आलाच आहे. मूळ शब्द शुंडा, म्हणजे दारू. ती विकणारा शौंडिक. बंगालीतला ‘शुँडी’ त्याचाच वंशज. (हत्तीची सोंडही शुंडाच. त्यावरून भट्टीच्या नळीपर्यंत तर्क गेले आहेत. मला ते ओढूनताणून वाटतात.)

अर्थ कुठे वळला ते पाणिनीच्या ‘सप्तमी शौण्डैः’ (सप्तमीतल्या शब्दाचा शौंड वगैरे शब्दांशी समास होतो) या सूत्रात दिसतं. नेहमीचं उदाहरण अक्षशौंड, फाशांचा नाद लागलेला. सूत्राच्या गणात, म्हणजे त्याला लागू असलेल्या शब्दांच्या यादीत, शौंडाला लागून धूर्त आणि कितव, म्हणजे जुगारी. आणि त्याच रांगेत पुढे प्रवीण, पंडित, कुशल, निपुण! नाद लागलेला आणि हात बसलेला एकाच पंगतीला. आपणही ‘पट्टीचा पिणारा’ आणि ‘पट्टीचा पोहणारा’ म्हणतोच की.

पण मनुस्मृतीने सुरापान महापातकांत घातलं आहे, शतपथ ब्राह्मणात सोम म्हणजे सत्य आणि सुरा म्हणजे अनृत. मग असला शब्द कौतुकाला चालला कसा? तर मनूचं म्हणणं हे साऱ्या गावाचं म्हणणं नसतं. कौटिल्याकडे दारूसाठी स्वतंत्र सुराध्यक्ष आहे. त्याच्या गुत्त्यात वेगवेगळ्या खोल्या, खाटा, आसनं, गंध, माळा, पाणी अशी सगळी बडदास्त. गिऱ्हाईक पिऊन झोपलं की हेरांनी त्याचे दागिने, कपडे, रोकड बघून ठेवायची. काही गेलं तर गुत्तेवाल्याने भरपाई द्यायची, वर तेवढाच दंड. ठरल्या जागेबाहेर दारू गाळली, विकली किंवा घेतली तर 600 पण (तेव्हाचं नाणं) दंड. उत्सव-यात्रांना मात्र चार दिवस मोकळीक.

अशा ठिकाणी रोज दिसणाऱ्याला लोक ‘शौंड’ म्हणत असतील, तर त्यात तिरस्कारापेक्षा चिडवणंच जास्त असावं, असा माझा अंदाज.