गोष्ट तिची, गल्लीही तिचीच

अगं,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला, एकदा बसमध्ये आणि एकदा घरी येऊन चहा पिताना. व्हॉइस नोट पाठवणार होते पण बोलायला लागले की मला फाटे फुटतात, म्हणून सरळ लिहितेच. वस्तीतली चौदा पोरं जमलीत, समाजमंदिर संध्याकाळी दोन तास मिळतंय, नाटकाचा विषय व्यसनमुक्ती, आणि "ताई, फक्त एक छान स्क्रिप्ट लिहून द्या". नाही देणार. रागावू नकोस, पण नाही देणार.

बाहेरून स्क्रिप्ट आली की पोरं ती पाठ करतात, शेवटी सगळे एका सुरात "दारू सोडा संसार जोडा" म्हणतात, नगरसेवक टाळ्या वाजवतो, संपलं. दारूबद्दल तुझ्यामाझ्यापेक्षा त्या पोरांना जास्त माहितीये गं. आमच्या ग्रुपमध्ये एका पोराने फक्त बापाची चप्पल करून दाखवली होती. म्हणजे जिन्यावर एक पाऊल, मग थांबणं, भिंतीवर हात घासल्याचा आवाज, मग दोन पावलं भरभर. संवाद एकही नाही. हॉलमधली सगळी पोरं एकदम गप्प झाली, कारण आज बाप किती पिऊन आलाय ते त्या आवाजावरून ओळखायचं हे प्रत्येकाला घरून माहीत होतं. हे मी टेबलावर बसून कसं लिहिणार, सांग?

तर पहिले तीन आठवडे नाटकाचं नावच काढू नकोस. खेळ घे, चौकात जाऊन एक माणूस बघून या आणि करून दाखवा असलं काहीतरी घे, आणि एक वही ठेव. पोरं इम्प्रोव्ह करताना, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं करताना, जे बोलतात ते जसंच्या तसं लिही, "व्हतं" तर व्हतं, "आमी" तर आमी, त्याची शुद्ध भाषा करत बसू नकोस. त्यातूनच तुमचं नाटक निघेल आणि ते तुझं नसेल, हे आत्ताच पचवून ठेव.

स्पर्धेचं विचारलंस. मला विचारशील तर पहिल्या वर्षी नकोच. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि त्यातून किती मोठमोठे लोक आले हे तुला माहीतच आहे, पण ती स्पर्धा कॉलेजांची, आणि तुझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं दहावीनंतर कामाला लागलेली. त्यांनी कुठे जायचं? याच प्रश्नापाशी नाटककार रत्नाकर मतकरी थांबले होते. साठच्या दशकापासून बालनाट्य केलेला माणूस, नाव होतं, वय झालेलं, आणि 2014 मध्ये ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या लोकांबरोबर "वंचितांचा रंगमंच" सुरू केला. वस्त्यांमधल्या मुलांनी आपलेच विषय घेऊन आपणच नाटुकली बसवायची आणि नाट्यजल्लोष या त्यांच्याच महोत्सवात सादर करायची. 2020 मध्ये कोरोनात मतकरी गेले. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की एवढा मोठा नाटककार असूनही, "घ्या माझी संहिता" म्हणायच्या ऐवजी त्यांनी मुलांना स्वतःचं नाटक रचायला लावलं.

आता जे सांगायला खरं तर लिहायला बसले ते.

पंधराएक वर्षं झाली असतील. आमच्या ग्रुपमधल्या एका पोरीने तालमीत सांगितलं की तिची शाळा सोडवून लग्न ठरवतायत, आणि ठरवण्यात आत्या सगळ्यात पुढे. मी भारावले. हेच नाटक, आणि ती भूमिका हिनेच करायची, हिच्याइतकं खरं कोण करणार! प्रयोग वस्तीतच, गणपतीच्या मांडवात. नावं बदलली होती पण पदर खोचून हात नाचवत बोलायची आत्याची लकब पोरांनी हुबेहूब उचलली होती, आणि आत्या दुसऱ्या रांगेत. लोक हसले, मग माना वळवून तिच्याकडे बघून हसले. टाळ्या तर विचारू नकोस. मी रिक्षा पकडून खुशीत घरी आले, आणि ती पोरगी? ती त्याच गल्लीत गेली, आत्याच्या दारावरून. दुसऱ्या दिवशी तालमीला आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन समाजमंदिराच्या दारात उभा राहिला, बोलला काहीच नाही, नुसता उभा राहिला. ती परत कधीच आली नाही. मला त्या प्रयोगाबद्दल एका कार्यक्रमात शाल मिळाली, ती अजून कपाटात आहे, वापरवत नाही.

ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल याने स्वतःवरचीच अशी एक गोष्ट सांगून ठेवलीये. तरुणपणी तो ग्रुप घेऊन खेड्यात गेला, नाटकात नट बंदुका उगारून गातात, जमिनीसाठी रक्त सांडू वगैरे. एक शेतकरी डोळे पुसत पुढे आला, म्हणाला चला मग, जमीनदाराच्या माणसांशी लढायला जाऊ. नट म्हणाले, अहो बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला हरकत नाही, तुम्ही तर खरे आहात ना, बंदुका आम्ही देतो. आता काय बोलणार! आम्ही कलाकार आहोत, असं काहीतरी पुटपुटले. तेव्हा त्या शेतकऱ्याला कळलं की हे ज्या रक्ताबद्दल गातायत ते त्याचं आहे, यांचं नाही. बोआलचं पुढचं सगळं काम त्या लाजेतून आलं असं मला वाटतं. त्याचं फोरम थिएटर म्हणजे काय, तर नाटक अडचणीच्या जागेला नेऊन थांबवायचं, उत्तर द्यायचं नाही, आणि बघणाऱ्यांपैकी कुणी "थांबा" म्हणून उठला की त्याने नटाच्या जागी येऊन करून दाखवायचं. बंगालमध्ये 1985 मध्ये सुरू झालेला जन संस्कृती हा ग्रुप गावागावांत हे करतोय. आमच्याकडे एकदा दारूडा नवरा पगार मागतो त्या सीनला एक आजी काठी टेकत वर आली, सुनेचं काम करणारीच्या हातातली पर्स काढून घेतली आणि म्हणाली, "आधी पैशे लपव, मग भांड." त्या "दारू सोडा" घोषणेपेक्षा हे किती पुढचं आहे बघ.

म्हणून, कुणी घरातलं सांगितलं तर ते त्यालाच करायला देऊ नकोस. दोघातिघांच्या गोष्टी मिसळ, बापाचा मामा कर, गाव बदल, लकबी बदल. आणि ज्याची गोष्ट त्याला तीनदा विचार, ऐकल्यावर, बसवल्यावर आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी, आणि आदल्या दिवशी "नको" म्हणाला तर सीन काढून टाक, कितीही भारी असला तरी. व्हिडिओचं तर मला टेन्शनच येतं, आमच्या वेळी प्रयोग मांडवात संपायचा, आता तीस सेकंदांचा तुकडा कुठल्याही ग्रुपवर फिरतो, तेव्हा सुरू व्हायच्या आधीच फोन खाली ठेवायला सांग. आणि एक गोष्ट जिथे तुझी मर्जी चालत नाही: अठराच्या आतल्या कुणी लैंगिक अत्याचाराचं सांगितलं तर ते नाटकाचं मटेरियल नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ ठेव, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी देऊन बसू नकोस.

बाकी लाइट, सेट, मेकअप यावर आत्ता डोकं खपवू नकोस, ट्यूबलाइट पुरते. पंखा मात्र तालमीत बंद ठेव, त्याच्या आवाजात बारीक आवाजाच्या मुली गप्प बसतात.

तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं ते कळव. साडेपाचला येत असेल तर तालीम सातला ठेव, नाहीतर मुली येणार नाहीत आणि तुला वाटेल त्यांना इंटरेस्टच नाही. रविवारी मी येतेय. वही आण.

तुझी
ताई