नाशिकच्या खासदार-आमदारांनी सभागृहात कशाला मत दिलं, काय विचारलं, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा की, आमचे खासदार मागच्या बाकावर बसतात, टीव्हीवर कधी दिसत नाहीत, तर त्यांनी कोणत्या विधेयकाला मत दिलं आणि काम किती केलं हे घरबसल्या कळेल का. कळेल. पण मतदानाची नोंद तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार कमी सांगते आणि प्रश्नांची नोंद फार जास्त. म्हणून वेळ प्रश्नांवर घालवा, असं मी आग्रहाने सांगेन.

आधी आपला खासदार कोण ते पक्कं करा. जिल्हा एक असला तरी खासदार तीन आहेत. नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी नाशिक लोकसभेत येतात. दिंडोरी, निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण हे दिंडोरीत. मालेगावचे दोन्ही मतदारसंघ आणि बागलाण मात्र धुळ्यात. निफाडचा माणूस नाशिकच्या खासदाराला जाब विचारतो, असं नेहमी होतं.

आता मतदान. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि त्यात कोणाच्याही नावाची नोंद राहत नाही. तीन कृषी कायदे रद्द करणारं विधेयक 29 नोव्हेंबर 2021 रोजी चर्चेविना, आवाजी मतदानानेच मंजूर झालं. तिथे ‘आमच्या खासदाराने काय मत दिलं’ याचं कागदोपत्री उत्तरच नाही. कोणी मतविभागणी (बाजूने-विरोधात मतं मोजून नोंदवणं) मागितली, किंवा घटनादुरुस्ती असली, तरच नावं छापून येतात. वक्फ दुरुस्ती विधेयकाला एप्रिल 2025 मध्ये 288 विरुद्ध 232 मतं पडली, त्याची नाववार यादी त्या दिवसाच्या कामकाजाच्या इतिवृत्तात आहे. यादीत नाव दोन्हीकडे नसेल, तर खासदार गैरहजर होते किंवा त्यांनी मत दिलं नाही, एवढंच म्हणता येतं. शिवाय फलकावरचा पहिला आकडा अंतिम नसतो. 17 डिसेंबर 2024 ला ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडण्यावर मतविभागणी झाली तेव्हा यंत्राने 220 विरुद्ध 149 दाखवले, आणि चिठ्ठ्यांवरची मतं धरल्यावर निकाल 269 विरुद्ध 198 झाला. त्यामुळे फलकाचा स्क्रीनशॉट फिरवू नका, छापील यादी बघा.

यादी मिळाली तरी त्यातून खासदाराचा स्वतःचा कल क्वचितच दिसतो. पक्षाने व्हिप (कसं मत द्यायचं याचा आदेश) काढला आणि त्याविरुद्ध मत दिलं किंवा परवानगीशिवाय मतदान टाळलं, तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने 15 दिवसांत माफ केलं तरच सुटका. मागच्या बाकावरच्या माणसाचं मत हे जवळजवळ नेहमी पक्षाचंच मत असतं.

हजेरीवर फार विसंबू नका. हजेरी लागली म्हणजे दिवसभर सभागृहात बसले असं नाही. आणि मंत्र्यांना ही हजेरी लागू नसते, म्हणून मंत्र्याशी तुलना करू नका.

खरा माल प्रश्नांत आहे. ‘संसद डॉट इन’वर लोकसभेत सदस्याच्या पानावर जा, तिथे प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं वेगवेगळी मिळतात. मजकूर हिंदी-इंग्रजीत असतो, त्यामुळे ‘कांदा’ टाकून हाती काही लागणार नाही, ‘प्याज’ टाका. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर तेच आकडे राज्याच्या आणि देशाच्या सरासरीसह मिळतात. पण आकड्यावर थांबू नका. एकाच प्रश्नावर अनेक खासदारांची नावं जोडलेली असतात आणि प्रत्येकाच्या खात्यात तो प्रश्न मोजला जातो. तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर तोंडी मागितलेलं असतं) दिवसाला 20 असतात, तासाभरात त्यातले मोजकेच तोंडी होतात, बाकीच्यांना लेखी उत्तर मिळतं. खासदार पुरवणी प्रश्न विचारायला उभे राहिले का, ते इतिवृत्तातच कळतं. भाषण प्रत्यक्ष केलं की लेखी पटलावर ठेवलं, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

कांद्याचं उदाहरण घ्या. 7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने निर्यातबंदी आली, लासलगावला लिलाव बंद पडले. अधिवेशन 21 डिसेंबरला संपलं. प्रश्नासाठी साधारण 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणजे त्या अधिवेशनात बंदीवर नेहमीच्या वाटेने प्रश्न येणं शक्यच नव्हतं. त्या दोन आठवड्यांत तुमचे खासदार शून्य प्रहरात किंवा नियम 377 खाली (प्रश्नाशिवाय एखादा विषय मांडायच्या या दोन वाटा) बोलले का, ते बघायचं. प्रश्न मात्र 31 जानेवारी 2024 ला सुरू झालेल्या अधिवेशनात शोधायचा. तारखा न पाहता ‘बंदीवर एक प्रश्न नाही’ असं म्हणणं अन्यायाचं आहे, आणि त्या पुढच्या अधिवेशनातही काही नसेल तर ती मात्र खरी त्रुटी.

मग प्रश्न कोणाला विचारला ते बघा. निर्यात वाणिज्य मंत्रालयाकडे, नाफेडची बफर खरेदी ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे, पीकविमा कृषीकडे. जाणकार खासदार नेमक्या खात्याला आणि आकडे मागणारा प्रश्न विचारतो: किती टन खरेदी, कोणत्या केंद्रावर, कोणत्या भावाने. उत्तराची पीडीएफ उघडलीत की ‘(क) से (घ)’ असं चारही उपप्रश्नांना मिळून एकच उत्तर दिसेल. नको असलेला उपप्रश्न तिथेच गिळला जातो. तो उपप्रश्न पुढच्या अधिवेशनात पुन्हा आला का? माझ्या मते खासदार पारखायची याहून चांगली खूण नाही. उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं असेल तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. तेवढ्या मुदतीनंतर परत बघा.

स्थायी समित्यांचं काम बंद दाराआड चालतं, म्हणून ते फारसं कोणी बघत नाही. पण समितीच्या अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात, त्यात हजर सदस्यांची नावं असतात. मागच्या बाकावरचे काही खासदार तिथे सभागृहापेक्षा जास्त काम करताना दिसतात.

आमदारांचं काम इतकं एका जागी सापडत नाही. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार तारांकित प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणाऱ्या) आणि कार्यवाही शोधावी लागते. मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, त्याचा शून्य आकडा धरू नका. नाववार मतदान क्वचितच होतं. 3 जुलै 2022 ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दिंडोरीचे नरहरी झिरवाळ उपाध्यक्ष म्हणून आसनावर होते, तेव्हा शिरगणतीने मतं मोजली गेली. अशा दिवसांची कार्यवाही मुद्दाम वाचा. लक्षवेधी पाहताना मंत्र्याचं शेवटचं वाक्य उतरवून घ्या: ‘बैठक घेऊ’, ‘चौकशी करू’, की तारखेसह काही.

संकेतस्थळावर सापडलं नाही तर विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात आमदाराचं नाव, अधिवेशन आणि वर्ष, आणि नेमकं काय हवं ते लिहा, उदाहरणार्थ ‘दिलेल्या लक्षवेधी सूचनांची व त्यावरील उत्तरांची प्रत’. ‘आजवरच्या कामाची सगळी माहिती द्या’ असं मोघम लिहिलंत तर हाती उपयोगाचं काही पडणार नाही.